एका पोराच्या दोन वह्या

कॉलेजात अमेरिकन कथा-कविता शिकणाऱ्या आपल्या पोरांकडे दोन वह्या असतात. एक सरांना दाखवायची, दुसरी विहारातल्या अभ्यासवर्गात वाचायची. पहिल्या वहीत ‘त्याग’, ‘नियती’, ‘मानवी मनाची गुंतागुंत’ असले गुळगुळीत शब्द. दुसऱ्या वहीत गावकी, खोत, वाडी, आजीचं सूप. कथा तीच, पोर तेच. पण या दोन वह्यांची एकमेकींशी ओळख नाही. मला बोलायचंय ते या दोन वह्यांबद्दल.

मी भातगिरणीत काम करतो आणि कविता लिहितो. कॉलेजाची पायरी चढलेलो नाही. इंग्रजी वाचतो ते डिक्शनरी मांडीवर घेऊन, एका पानाला एक संध्याकाळ या हिशेबाने. ‘मग टीका करायचा तुला काय अधिकार?’ असं विचारणारे विचारतील. अधिकार एवढाच की पोरांच्या वह्या मी ओळ न् ओळ वाचल्या, आणि वह्यांत ज्या कथा-कवितांबद्दल लिहिलंय त्याही वाचल्या. गाईडातून नाही, मुळातून. हे दोन्ही करणारी माणसं रत्नागिरीत फार नसावीत.

दोन वह्या का झाल्या, तेही सांगतो. आपल्या एका पोरीने शर्ली जॅक्सनच्या ‘द लॉटरी’ या कथेवर ट्यूटोरियल लिहिलं आणि त्यात आपल्या गावच्या गावकीचा दाखला दिला. लाल शाईत शेरा आला, ‘विषयांतर’. मार्क गेले. अभ्यासवर्गातल्या जुन्या कार्यकर्त्यांनी तिला शहाणपण शिकवलं, ‘परीक्षेत त्यांचं लिही, इथं आपलं लिही.’ पोरीने ऐकलं. तिचं बघून बाकीच्यांनी केलं. माझं भांडण त्या लाल शाईशी आहेच, पण त्याहून जास्त या शहाणपणाशी आहे.

१. अमेरिका आपल्याला परकी नाही

आधी दुसऱ्या टोकाच्या दोस्तांशी बोलून घेतो. ते म्हणतात, ‘अमेरिकेच्या गोष्टी कशाला? आपल्याकडे बाबुराव बागूल आहेत, ढसाळ आहेत, अण्णा भाऊ आहेत.’ आहेतच. पण आपली चळवळ विहिरीतल्या बेडकाची कधीच नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसून एक माळ्याचा पोर अमेरिकेतल्या काळ्या माणसाच्या बेड्या मोजत होता. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस या काळ्यांच्या थोर विचारवंताला पत्र लिहिलं. काळ्यांच्या प्रश्नाचा आपण अभ्यास करत आलोय आणि त्यांची व अस्पृश्यांची स्थिती खूपच सारखी आहे, असं त्यात कळवलं, आणि काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. ड्यू बॉईसनी उत्तर दिलं. दोन बहिष्कृत समाजांचे दोन वकील एकमेकांना आपल्या केसचे कागद दाखवत होते.

मग औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली तिथं कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. तिथले डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत साहित्य शिकून आले आणि येताना काळ्यांच्या साहित्याची ठिणगी घेऊन आले. वानखेडे, पानतावणे आणि मिलिंदच्या पोरांमधून १९६७ साली ‘अस्मिता’ निघालं, त्याचंच पुढे ‘अस्मितादर्श’ झालं. जनार्दन वाघमाऱ्यांचं ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हे पुस्तक १९७८ चं. त्याआधी, १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिचं नाव १९६६ साली ओकलंडमध्ये निघालेल्या ब्लॅक पँथर पार्टीवरून आलं, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

म्हणजे अमेरिकन पुस्तक आपल्या पोराने कसं वाचावं, याची एक परंपरा आपल्याकडे आहे. मिलिंदच्या पोरांनी ते पुस्तक हत्यार म्हणून वाचलं. त्यांच्याकडे दोन वह्या नव्हत्या.

फक्त एक भान ठेवा. ‘काळे म्हणजे तिकडचे दलित’ असं लिहून मोकळं होणारी पोरं आहेत. हा आळस आहे. खुद्द बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना फरक दाखवला. गुलाम ही मालकाची मालमत्ता होती, म्हणून त्याला जगवण्यात मालकाचा स्वार्थ होता. अस्पृश्याला जगवण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती. गुलामाला आपली बेडी दिसत होती. अस्पृश्याची बेडी धर्माने झाकलेली होती. साम्य दाखवणं सोपं, फरक दाखवायला अभ्यास लागतो. आपल्या वह्यांत साम्य ढीगभर आहे, फरक नाही.

२. तीस डॉलरचे वीस

आता वह्यांकडे. ओ. हेन्रीची ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ ही १९०५ ची कथा बहुतेक सगळ्यांनी लिहिली आहे. नवऱ्याच्या घड्याळाला साखळी घ्यायची म्हणून बायको केस विकते, आणि बायकोच्या केसांना फण्या घ्यायच्या म्हणून नवरा घड्याळ विकतो. पहिल्या वहीत सगळ्यांचं उत्तर एक, ‘खरे प्रेम म्हणजे त्याग.’ दुसऱ्या वहीत एकाने लिहिलंय, ‘ही भांडवलशाही भावुकता आहे, आपल्या कामाची नाही.’ दोघांनीही कथा वाचलेली नाही.

कथेत हिशेब आहे, दोस्तांनो. डेलाकडे एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट शिल्लक आहेत. आठ डॉलर आठवडा भाड्याची खोली. जिमला पूर्वी आठवड्याला तीस डॉलर मिळत होते, आता वीस मिळतात. तीसचे वीस का झाले, हे ओ. हेन्री सांगत नाही. पण दारावरच्या नावाची अक्षरंही पगाराबरोबर फिकी पडलीत, हे तो सांगतो. डेलाच्या केसांची किंमत येते वीस डॉलर. म्हणजे नवऱ्याच्या आठवड्याच्या पगाराएवढी. बाईच्या डोक्यावरचे गुडघ्याखाली उतरणारे केस आणि पुरुषाचा आठवड्याचा घाम, बाजारात दोन्हींचा भाव सारखा. ही गोष्ट एकाही वहीत नाही.

पगार कापला की घरात काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला हवं का? मुंबईच्या कापडगिरण्या आपल्या जिल्ह्यातल्या माणसांनी भरल्या होत्या. माझा आजा त्यातलाच. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि हजारो पुन्हा कधी आत गेले नाहीत. माझ्या आजीच्या गळ्यातलं डोरलं त्या वर्षी सोनाराकडे गेलं. त्याला कुणी ‘त्याग’ म्हटलं नाही. कथा वाचताना हे आठवलं म्हणून ती कथा भावुक ठरत नाही, उलट तिच्यातला आकडा जिवंत होतो. पहिल्या वहीवाल्याने आकडा वगळला. दुसऱ्या वहीवाल्याने आकड्यासकट कथाच वगळली. गाईडाने पहिल्याचा घात केला, घोषणेने दुसऱ्याचा.

३. दोन वाटांची कविता

रॉबर्ट फ्रॉस्टची ‘द रोड नॉट टेकन’. या कवितेचं भिंतीवरच्या सुविचारात रूपांतर झालंय. पहिली वही म्हणते, ‘कवी वेगळी वाट निवडण्याची प्रेरणा देतो.’ दुसरी वही म्हणते, ‘आम्हाला दोन वाटा होत्याच कुठे? एकच होती, तीही गावाबाहेरून जाणारी.’ हे दुसरं वाक्य मला आवडलं. त्याच्यात दम आहे. चवदार तळ्याची वाट १९२७ साली चालून उघडावी लागली, ती दोन वाटांतून निवडलेली नव्हती.

पण कविता पुन्हा वाचा. दोन्ही वाटा सारख्याच मळलेल्या होत्या, हे कवी स्वतःच सांगतो. आपण कमी मळलेली वाट घेतली, असं तो पुढे म्हातारपणी सांगणार आहे. म्हणजे ही कविता प्रेरणेची नाही. माणूस आपल्या आयुष्याची मागाहून कशी गोष्ट बनवतो, त्याची थट्टा आहे. फ्रॉस्टने ती एडवर्ड थॉमस या मित्राच्या हळहळण्याच्या सवयीला चिमटा काढत लिहिली. ज्याने फ्रॉस्टला फटकारलं, त्याने खरं तर गाईडातल्या फ्रॉस्टला फटकारलं. शत्रूशी भांडायचं तर आधी तो नेमका कुठं उभा आहे ते बघावं लागतं.

४. चिठ्ठी आणि गावकी

आता त्या पोरीचं ‘विषयांतर’. ‘द लॉटरी’ २६ जून १९४८ च्या ‘न्यू यॉर्कर’मध्ये आली आणि वाचकांची संतापलेली पत्रं ढिगाने आली. तीनशेक वस्तीचा गाव. २७ जूनची सकाळ. चौकात सगळे जमतात, काळ्या पेटीतून चिठ्ठ्या काढतात, आणि काळा ठिपका ज्याच्या चिठ्ठीवर त्याला सगळा गाव दगडांनी ठेचतो. का, ते कुणाला आठवत नाही. म्हातारा वॉर्नर म्हणतो, लॉटरी नेहमीच होती.

पहिल्या वहीतलं उत्तर, ‘लेखिका अंधश्रद्धेवर प्रहार करते.’ हे म्हणजे सगळा दोष एका ‘अज्ञान’ नावाच्या भुतावर टाकून मोकळं होणं झालं. त्या गावातले लोक अडाणी नाहीत. पेटी सांभाळणाऱ्याचा कोळशाचा धंदा आहे. पोस्ट आहे, बँक आहे. लोक चेष्टामस्करी करतात, पावसापाण्याच्या गप्पा मारतात, आणि दुपारच्या जेवणाआधी एक माणूस मारून घरी जातात. दगड मारणारा राक्षस नसून शेजारी आहे, ही या कथेतली भीतीची गोष्ट आहे.

पोरीने लिहिलं होतं की आमच्या गावी गावकी बसते, दंड बसवते, न भरणाऱ्याला वाळीत टाकते. मग दुकानदार मीठ देत नाही, मयताला खांदा मिळत नाही. आणि हे करणारे सगळे कालपर्यंत नाव घेऊन हाका मारणारे असतात. कोकणातला हा रोग काही इतिहासजमा झालेला नाही. तसं असतं तर महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा करावा लागला नसता. सांगा, हे विषयांतर की विषय? अमेरिकेतल्या एका बाईने कल्पनेने रचलेला गाव या पोरीने खऱ्या गावावर ठेवून बघितला आणि तो जवळजवळ बसला. यालाच समीक्षा म्हणतात.

मात्र ‘जवळजवळ’ या शब्दाकडे बघा. इथं पोरीने थांबायला नको होतं. कथेत चिठ्ठी आहे. आज माझी पाळी, उद्या तुझी. काळा ठिपका कुणाच्याही हाती येऊ शकतो. आपल्याकडे चिठ्ठी टाकायची गरजच नाही. ठिपका जन्माआधीच कपाळावर ठरलेला. पेटीत फक्त आपलीच नावं. जॅक्सनचा गाव निदान नशिबापुढे तरी सगळ्यांना समान मानतो, जातीचा गाव तेवढंही मानत नाही. कथा आपल्या गावावर ठेवली की दोघांतली ही फट दिसते, आणि त्या फटीतच आपलं म्हणणं आहे.

आणखी एक. टेसी हचिन्सन ओरडते कधी? आपल्या घराची चिठ्ठी निघाल्यावर. त्याआधी ती भांडी घासून, उशीर झाला म्हणून हसत-हसत चौकात आली होती. चिठ्ठी घरावर आल्यावर ती काय करते? आपल्या लग्न झालेल्या पोरीलाही चिठ्ठी काढायला लावा म्हणते, म्हणजे स्वतःचा धोका तेवढाच कमी. छळ होणारा माणूस आपोआप विद्रोही होत नाही, ही गोष्ट जॅक्सन दयामाया न दाखवता सांगते. आपल्या वस्त्यांत पोटजातींवरून जे चालतं ते आठवा, आणि मग टेसीवर हसा.

५. खळं जाळणारा बाप

विल्यम फॉकनरची ‘बार्न बर्निंग’ १९३९ ची. अॅबनर स्नोप्स हे अर्ध्या वाट्याने जमीन कसणारं कुळ. मालकाने अपमान केला की तो मालकाचं खळं जाळतो आणि बिऱ्हाड उचलून दुसऱ्या मालकाकडे जातो. त्याच्या पोराला, सार्टीला, बापाची बाजू घ्यावी की न्यायाची, हा पेच. नव्या मालकाच्या गालिच्यावर स्नोप्स मुद्दाम घाणेरडे बूट पुसतो, तर मालक त्याच्या पिकातून वीस बुशेल मका कापायला निघतो. कोर्ट त्याचे दहा करतं.

मंडणगडकडच्या एका पोराने दुसऱ्या वहीत यावर चार पानं लिहिली आहेत आणि ती या सगळ्या ढिगातली सर्वांत चांगली पानं आहेत. तो अर्धेल आणि तिर्धेल हे शब्द वापरतो. निम्मं पीक खोताला देणारं कूळ ते अर्धेल, तिसरा हिस्सा देणारं ते तिर्धेल. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे त्याच्याच तालुक्यात. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं, १९३८ च्या जानेवारीत कोकणातल्या कुळांचा मोर्चा मुंबईत नेला, आणि शेवटी १९४९ च्या कायद्याने खोती गेली, हे सगळं त्याने मांडलंय. मग तो लिहितो की स्नोप्सकडे आगपेटी होती, कारण त्याच्याकडे संघटना नव्हती. हे वाक्य छापून भिंतीवर लावावं असं आहे.

पण त्याच्याही नजरेतून एक गोष्ट सुटली. मालकाच्या दारात स्नोप्सला अडवणारा नोकर काळा आहे. गोरा गरीब स्नोप्स त्या काळ्या म्हाताऱ्याला झिडकारून आत घुसतो. हे घर काळ्यांच्या घामावर उभं आहे, हे तो जाणतो, तसं पोराला बोलूनही दाखवतो, शिवी घालून. जाणतो आणि तरी झिडकारतो. खोताविरुद्ध कुळं एक झाली तेव्हा त्या कुळांत कुणबी होते आणि महारही होते. बाबासाहेबांना ते एका मोर्च्यात आणता आले, ही केवढी गोष्ट आहे, हे स्नोप्सची ती झिडकारणी बघितल्यावर कळतं. ‘गरीब तेवढा एक’ असं म्हणणाऱ्या आपल्या लाल दोस्तांनी ही कथा जरूर वाचावी.

६. गोधडी आणि सूप

अॅलिस वॉकरची ‘एव्हरीडे यूज’ १९७३ ची. काळी आई, दोन पोरी. मॅगी घरात राहिलेली, आगीत भाजलेली, लाजरी. डी शिकून शहरात गेलेली. ती परत येते ती नवं आफ्रिकन नाव घेऊन, आणि आजीच्या हातच्या गोधड्या मागते, भिंतीवर टांगायला. आई त्या हिसकावून मॅगीला देते, जी त्या पांघरणार आहे.

दोन्ही वह्या इथं एक झाल्या आहेत, ‘डी ढोंगी, आई खरी.’ एका पोरीने मात्र वेगळं लिहिलंय. तिच्या आजीने जन्मभर बांबूची सुपं, रोवळ्या विणल्या. आपल्या जिल्ह्यातल्या उर्मिला पवारांनी आपल्या आत्मकथेला ‘आयदान’ (२००३) हे नाव दिलं ते याच विणकामावरून. त्यांची आई आयदानं विणून घर चालवत होती. ही पोर लिहिते की आजीला सूप आवडत नव्हतं, सुपाने तिची बोटं चिरली होती. मला ते भिंतीवर टांगायचं नाही आणि विणायचंही नाही. मग मी कोण, डी की मॅगी?

या प्रश्नाचं उत्तर कथेत नाही, आणि ते नाही हे दाखवणं ही या पोरीची कमाई आहे. वॉकरबाई थोर खऱ्या, पण नावाच्या बाबतीत त्यांनी डीवर अन्याय केलाय असं माझं मत आहे. ज्यांनी मला चिरडलं त्यांच्या नावाने मला जगायचं नाही, असं डी म्हणते. आई सांगते की हे नाव मावशीचं, आजीचं, पार मागून आलेलं. कथेचा सूर आईच्या बाजूचा. पण शूद्राचं नाव निंदाव्यंजक ठेवावं असं मनुस्मृतीत लिहिलेलं आहे, आणि कचऱ्या, धोंड्या, दगडी ही नावंही आपल्याकडे आजा-पणजापासून मागून आलेली होती. ती आपण टाकली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात तर धर्मच टाकला. नाव बदलणं हे आपल्याला हौसेचं वाटत नाही. अमेरिकन काळा लेखक म्हटला की त्याच्यापुढे मान तुकवायची, असं नाही. त्यालाही विचारायचं, ‘बाई, इथं तुमचं आमचं जमत नाही.’

७. एकच पान

आता मूळ भांडणाकडे. लँग्स्टन ह्यूजची एक कविता आहे, ‘थीम फॉर इंग्लिश बी’. १९५१ च्या त्यांच्या संग्रहात आहे. बावीस वर्षांचा काळा पोर. हार्लेमच्या वरच्या टेकडीवरचं कॉलेज. वर्गात काळा तो एकटाच. सर सांगतात, घरी जा आणि एक पान लिहून आणा, आतून येऊ द्या, म्हणजे ते खरं असेल. पोर टेकडी उतरतो, हार्लेममधल्या आपल्या खोलीवर येतो आणि लिहायला बसतो. त्याला प्रश्न पडतो, मी काळा, मग माझं पान काळं होईल का? आणि तो सरांनाच सांगतो की या पानात थोडे तुम्हीही असाल. तुम्हाला नको असेल, मलाही कधी कधी नको असतं, पण तसं आहे. मी तुमच्याकडून शिकतो, तसे तुम्हीही माझ्याकडून शिकत असाल.

ह्यूज स्वतः १९२१-२२ मध्ये कोलंबियात शिकत होते. त्याच टेकडीवर पाच-सहा वर्षं आधी आपला एक महार विद्यार्थी दिवसरात्र लायब्ररीत बसून वाचत होता. तोही आपल्या वर्गात वेगळा होता. त्याने १९१६ साली तिथल्या सेमिनारमध्ये निबंध वाचला, तो कशावर? भारतातल्या जातींवर. अमेरिकन प्राध्यापकांपुढे, इंग्रजीत, त्यांच्या शास्त्राच्या शिस्तीत आणि विषय आपल्या घरचा. कुणाच्या बापाची हिंमत झाली नाही ‘विषयांतर’ म्हणायची, कारण निबंध पक्का होता. बाबासाहेबांनी दोन वह्या केल्या नाहीत.

ज्या ड्यू बॉईसना बाबासाहेबांनी पत्र लिहिलं, त्यांनी १९०३ सालीच सांगून ठेवलंय की काळ्या माणसाला सतत स्वतःकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघावं लागतं, त्याच्या आत दोन माणसं भांडत असतात. त्यांनी हे दुखणं म्हणून सांगितलं. आपले शहाणे कार्यकर्ते तेच पोरांना युक्ती म्हणून शिकवतायत! एका वहीत त्यांचं, दुसऱ्या वहीत आपलं. अरे, हॉटेलात आपल्यासाठी वेगळी कपबशी ठेवत होते, तिच्याविरुद्ध आपण लढलो. आता आपल्याच हाताने आपल्या विचारांची वेगळी कपबशी बाहेरच्या फळीवर ठेवायची? बागुलांच्या गोष्टीतल्या माणसाने भाकरीसाठी जात चोरली आणि मार खाल्ला. आपली पोरं मार्कांसाठी वहीत जात चोरतायत, आणि मार अजून पडलेला नाही म्हणून खूश आहेत.

‘मार्क गेले तर स्कॉलरशिप जाईल, तू देणार का?’ असं मला विचारलं गेलंय. प्रश्न खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. भातगिरणीत कोंडा उडतो तसा उडवून चालणार नाही. पण त्यावर उपाय चोरी नव्हे, तयारी आहे. त्या पोरीच्या ट्यूटोरियलमध्ये गावकी होती, पण टेसीने आपल्या पोरीला पुढे केलं ते नव्हतं. कथेतला गावकीवाला पुरावा तिने कमी दिला, अंगावरचा जास्त दिला. कथेतली आठ वाक्यं बोटाने दाखवून मग गावकी आणली असती, तर लाल शाईला जागा कमी मिळाली असती. तरीही मार्क कापले असते, तर तेव्हा आपण सगळ्यांनी मिळून त्या टेबलापुढे उभं राहायचं. कार्यकर्ते कशासाठी आहेत? नुसती जयंतीची वर्गणी गोळा करायला?

तेव्हा अभ्यासवर्गापुढे माझं म्हणणं असं. पुढच्या महिन्यापासून विहारात जी वही वाचली जाईल ती कॉलेजात दिलेलीच असावी. गाईड विहाराच्या दाराबाहेर, चपलांजवळ ठेवावं. प्रत्येक कथेतले आकडे आधी काढावेत: पगार किती, भाडं किती, जमीन कुणाची, काम कुणाचं, दारात कोण उभं आहे. मग आपला गाव त्यावर ठेवून बघावा. कुठं बसतो ते लिहावं, आणि कुठं बसत नाही ते त्याच्या दुप्पट लिहावं. लेखक गोरा म्हणून फेकू नये, काळा म्हणून पुजू नये. आणि ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांनी लाजू नये. रविवारी संध्याकाळी गिरण बंद असते, मी डिक्शनरी घेऊन बसलेला असतो, यावं.

मंडणगडच्या पोराची चार पानं आणि सुपावरचं ते एक पान पुढच्या अंकात छापावं, अशी संपादकांना विनंती आहे. नाव घालायचं की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवावं. माझा सल्ला विचाराल तर घालावं.

जय भीम.